खोकल्याचे औषध, सलाईन आणि उत्तेजक चाचणी : खेळाडू मुलामुलींनी आणि घरच्यांनी काय जाणून घ्यावे

सावेडीत पहाटे पाइपलाइन रोडला किंवा गुलमोहर रोडला फिरायला गेलात, तर धावण्याचा सराव करणारी मुलेमुली हमखास दिसतात. कोणी तालमीत जाणारे, कोणी ॲथलेटिक्सचे, कोणी कबड्डीचे, तर कोणी भरतीची तयारी करणारे. आपल्या जिल्ह्याला कुस्तीचे वेड जुने आहे. 2025च्या सुरुवातीला वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला, तेव्हा ते साऱ्या राज्याने पाहिले. अशा घरांतले आईवडील दवाखान्यात येतात तेव्हा एक प्रश्न हल्ली वरचेवर विचारतात : "डॉक्टर, हे औषध घेतले तर टेस्टमध्ये काही येणार नाही ना?"

हा प्रश्न योग्य आहे. तो औषध घेण्याआधी विचारायला हवा, नंतर नव्हे. उत्तेजक चाचणी कशी होते, रोजच्या वापरातली कोणती औषधे अडचणीची ठरतात, आजारी पडल्यावर काय करायचे आणि स्टेरॉइडमुळे शरीराचे काय होते, ही माहिती या लेखात दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- शरीरात बंदी असलेले द्रव्य सापडले, तर त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. औषध डॉक्टरांनी दिले, प्रशिक्षकाने दिले की आईने दिले, याने जबाबदारी बदलत नाही.
- खोकल्याची काही सिरप, रक्तदाबाच्या काही गोळ्या, स्टेरॉइडची इंजेक्शने आणि दवाखान्यात लावलेली सलाईनसुद्धा नियमात अडकू शकते.
- आजारासाठी बंदी असलेले औषध खरोखर लागत असेल, तर त्यासाठी आधी परवानगी घेता येते.
- जीव धोक्यात असेल तेव्हा उपचार आधी, नियम नंतर. अशा वेळी नंतरही अर्ज करता येतो.

उत्तेजक चाचणी म्हणजे काय?

खेळाडूची लघवी किंवा रक्त, आणि काही वेळा दोन्ही घेऊन त्यात बंदी असलेली द्रव्ये आहेत का हे तपासणे म्हणजे उत्तेजक चाचणी, बोलीभाषेत डोप टेस्ट. जगभरातले नियम ‘वाडा’ ही जागतिक संस्था ठरवते. ती 1999 मध्ये स्थापन झाली. भारतात हे काम ‘नाडा’ म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्था करते. ती 2005 मध्ये स्थापन झाली आणि 2022 मध्ये संसदेने या विषयावर स्वतंत्र कायदाही केला. नमुने दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा ‘वाडा’ने मान्यता दिलेल्या अन्य प्रयोगशाळेत तपासले जातात.

बंदी असलेल्या द्रव्यांची यादी दरवर्षी 1 जानेवारीला नव्याने लागू होते. एखादे द्रव्य यादीत घालताना तीन गोष्टी पाहतात : त्याने कामगिरी वाढते का, त्याने आरोग्याला धोका होतो का, आणि ते खेळाच्या मूळ भावनेच्या विरुद्ध आहे का. यापैकी कोणत्याही दोन लागू पडल्या, तर ते यादीत जाऊ शकते. म्हणूनच, ज्या साध्या औषधाने कोणी चॅम्पियन होणार नाही असे आपल्याला वाटते, तेही यादीत असू शकते.

काही द्रव्यांवर वर्षभर बंदी असते, काहींवर फक्त स्पर्धेच्या काळात. नियमाप्रमाणे हा ‘स्पर्धेचा काळ’ साधारणपणे स्पर्धेच्या आदल्या रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी सुरू होतो आणि स्पर्धा व त्यानंतरची नमुना तपासणी संपेपर्यंत चालतो. मात्र औषध शरीरातून जायला वेळ लागतो. त्यामुळे ‘स्पर्धेपुरती बंदी’ असलेले औषध चार दिवस आधी घेतले तरी ते स्पर्धेच्या दिवशी सापडू शकते.

भारतासाठी हा विषय गंभीर आहे. ‘वाडा’च्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये भारताने 5,606 नमुने तपासले. त्यातले दोनशेहून अधिक, म्हणजे शंभरात जवळपास चार नमुने दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते.

एका सिरपची किंमत : पृथ्वी शॉ

मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याचे उदाहरण प्रत्येक खेळाडूच्या घरात माहीत असायला हवे. 22 फेब्रुवारी 2019 रोजी इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटालीन सापडले. त्या वेळी तो 19 वर्षांचा होता आणि भारताकडून कसोटी शतकही झळकावून झाले होते.

टर्ब्युटालीन हे श्वासनलिका मोकळी करणारे औषध आहे. आपल्याकडे कफाच्या अनेक सिरपमध्ये ते असते. खोकला झाला म्हणून दुकानातून सिरप आणून घेतले, असे शॉने सांगितले. कामगिरी वाढवण्यासाठी त्याने ते घेतले नव्हते, हे त्याचे म्हणणे क्रिकेट मंडळाने मान्य केले. तरीही आठ महिन्यांची बंदी आली. ती मागील तारखेपासून, 16 मार्च ते 15 नोव्हेंबर 2019 अशी धरली गेली.

हेतू चांगला असला तर शिक्षा कमी होऊ शकते, पण ती टळेलच असे नाही. हे सिरप आजही आपल्या बऱ्याच घरांच्या फ्रिजवर किंवा औषधांच्या डब्यात सापडेल.

‘कोणीतरी मिसळले’ हे सिद्ध करावे लागते : नरसिंग यादव

तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव 2016च्या रिओ ऑलिंपिकसाठी 74 किलो गटात निवडला गेला होता. 25 जून 2016 रोजी सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिनोन हे स्टेरॉइड आढळले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी हे मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. 1 ऑगस्टला ‘नाडा’च्या समितीने ते मान्य करून त्याला निर्दोष ठरवले आणि तो रिओला गेला.

‘वाडा’ने या निर्णयाविरुद्ध क्रीडा लवादाकडे दाद मागितली. 18 ऑगस्टला, त्याच्या लढतीच्या तोंडावर, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. मिसळल्याचा पुरेसा पुरावा नाही, असे लवादाचे मत पडले. नरसिंगने आपण निर्दोष असल्याचे कायम सांगितले, पण ऑलिंपिकची ती संधी परत आली नाही. बंदी संपल्यावर 2020 मध्ये तो पुन्हा मॅटवर उतरला.

यातून घरच्यांनी दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, देशातल्या समितीचा निर्णय शेवटचा नसतो. दुसरी, द्रव्य शरीरात कसे आले हे पुराव्यासह दाखवण्याचे ओझे खेळाडूवर असते. म्हणून उघडी बाटली, दुसऱ्याचा शेकर, ओळखपाळख नसलेल्याने दिलेली पावडर यांपासून लांब राहणे हा अतिरेक नाही. ती शिस्त आहे.

रोजच्या वापरातली कोणती औषधे अडचणीची?

खालील यादी पूर्ण नाही. आमच्या भागात जी औषधे सर्रास दिली-घेतली जातात, त्यांतली मुख्य एवढीच दिली आहेत.

*खोकला, दमा, सर्दी*

- टर्ब्युटालीन असलेली सिरप आणि गोळ्या : वर्षभर बंदी.
- साल्ब्युटामॉल आणि लेव्होसाल्ब्युटामॉल : सिरप किंवा गोळी चालत नाही. साल्ब्युटामॉलचा पंप ठरलेल्या मर्यादेत चालतो : 24 तासांत जास्तीत जास्त 1600 मायक्रोग्रॅम, आणि कोणत्याही 8 तासांत 600 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नाही. बहुतेक पंपांत एका दाबाला 100 मायक्रोग्रॅम असते. नेब्युलायझरने ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते.
- स्यूडोएफेड्रीन असलेल्या सर्दीच्या गोळ्या : स्पर्धेच्या काळात लघवीतील प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आले तर दोष.
- पंपातून ओढायचे बुडेसोनाइडसारखे स्टेरॉइड नेहमीच्या मात्रेत चालते. म्हणून दम्याचा पंप घाबरून बंद करू नका. कोणता पंप आहे ते डॉक्टरांना दाखवा.

*दुखापत आणि सांधेदुखी*

- स्टेरॉइडची गोळी किंवा कोणतेही इंजेक्शन, अगदी गुडघ्यात किंवा खांद्यात दिलेलेही, स्पर्धेच्या काळात बंदीत येते. ट्रायॅम्सिनोलोन कमरेत दिले, तर ते शरीरातून जायला दोन महिन्यांपर्यंत लागू शकतात.
- ट्रॅमाडॉल या वेदनाशामकावर 2024 पासून स्पर्धेच्या काळात बंदी आहे. पॅरासिटामॉलसोबत एकत्र केलेल्या अनेक गोळ्यांत ते असते.
- साधे पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन बंदीच्या यादीत नाहीत.

*रक्तदाब, सूज, वजन*

- लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, म्हणजे फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, हायड्रोक्लोरोथायझाइड : वर्षभर बंदी. रक्तदाबाच्या अनेक जोडगोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असते. कुस्तीच्या वजनासाठी आजोबांची ‘पाण्याची गोळी’ घेणे हा दुहेरी धोका आहे. चाचणीत दोष येतोच, शिवाय पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते.
- प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे नेमबाजी आणि तिरंदाजीत बंदीत येतात. अर्धशिशी किंवा घबराटीसाठी ती दिली जातात.

*हार्मोन आणि मधुमेह*

- इन्सुलिन बंदीच्या यादीत आहे. टाइप 1 मधुमेह असलेल्या खेळाडूला ते आयुष्यभर लागतेच. त्यासाठी परवानगी मिळते. इन्सुलिन कधीही थांबवायचे नाही.
- क्लोमिफेन, लेट्रोझोल, टॅमॉक्सिफेन : वंध्यत्वाच्या आणि अन्य उपचारांत वापरतात, पण खेळाडूंना बंदी. लग्न झालेल्या खेळाडूंनी हे विशेष लक्षात ठेवावे.
- मेटफॉर्मिन आणि थायरॉइडची थायरॉक्सिन गोळी यादीत नाहीत.

*सलाईन*

अशक्तपणा आला, ताप आला, वजन दिल्यावर ताकद भरून काढायची म्हणून सलाईन लावायची, ही आपल्याकडची जुनी सवय. नियम असा आहे : 12 तासांत एकूण 100 मिलीपेक्षा जास्त द्रव शिरेतून देता येत नाही, मग त्यात नुसते ग्लुकोज का असेना. रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानाच्या तपासणीसाठी ते योग्य कारणाने दिले असेल, तर सूट आहे. गल्लीतल्या दवाखान्यात ‘ताकदीची’ म्हणून लावलेली बाटली या सुटीत बसेलच असे नाही. बहुतेक वेळा ओआरएस, ताक, लिंबूसरबत, भाताची पेज यांनी तेच काम होते.

*आयुर्वेदिक आणि घरगुती*

‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे खेळाडूच्या बाबतीत धरून चालू नका. कुचल्यात स्ट्रिक्नीन असते आणि ते स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे. शुद्ध केलेला कुचला काही शास्त्रीय औषधांत वापरतात. भांग आणि गांजा स्पर्धेच्या काळात बंदीत येतात आणि नियमित घेणाऱ्यांच्या लघवीत ते बरेच दिवस सापडू शकतात. लेबल नसलेल्या पुड्या आणि ‘वजन वाढवायची पावडर’ यांत लपवून स्टेरॉइड घातलेले असू शकते. खसखशीत मॉर्फिनचा अंश असू शकतो, म्हणून स्पर्धेच्या आधीच्या दिवसांत ती टाळलेली बरी. चहा-कॉफीवर मात्र बंदी नाही.

प्रोटीन पावडर आणि सप्लिमेंट

डब्यावर लिहिलेले नाही म्हणजे आत नाही, असे म्हणता येत नाही. कारखान्यात एकाच यंत्रावर अनेक उत्पादने भरताना भेसळ होऊ शकते, आणि काही जण परिणाम लवकर दिसावा म्हणून मुद्दाम द्रव्य मिसळतात. अन्न परवान्याचा क्रमांक हा अन्न विकण्याचा परवाना असतो. बंदी असलेले द्रव्य नसल्याची ती हमी नाही.

वाढत्या वयाच्या बहुतेक मुलांना लागणारी प्रथिने दूध, अंडी, डाळ-उसळ, शेंगदाणे, मासे-चिकन यांतून मिळतात. सप्लिमेंट घ्यायचेच असेल, तर प्रत्येक बॅच स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासून घेणाऱ्या कंपनीचे घ्या, डब्याचा बॅच क्रमांक आणि बिल जपून ठेवा, आणि एक डबा दुसऱ्या कोणाबरोबर वाटून वापरू नका. यानेही धोका शून्य होत नाही, कमी होतो.

जिममधली इंजेक्शने : हा आरोग्याचा प्रश्न आहे

चाचणी होवो वा न होवो, हा भाग प्रत्येक घराने वाचावा. भरतीची तयारी करणारी, शरीर कमावणारी अनेक मुले कधीच ‘नाडा’च्या चाचणीला सामोरी जात नाहीत. औषधाचा परिणाम मात्र त्यांच्याही शरीरावर होतोच.

*मेफेंटरमाइन.* मणक्यात भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला, तर भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन मोजून देतात. राज्यात जिममध्ये आणि भरतीच्या मुलांमध्ये याच्या बेकायदा विक्रीवर पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने कारवाया केल्या आहेत. निरोगी मुलाने व्यायामाआधी ते टोचून घेतले, तर रक्तदाब एकदम चढतो, छाती धडधडते, हृदयाची लय बिघडू शकते. सवय लागते. काहींना भास आणि संशयाचा त्रास होतो. ते बंदीच्या यादीतही आहे.

*ॲनाबॉलिक स्टेरॉइड.* मेथॅन्डिनोन, स्टॅनोझोलॉल, नँड्रोलोन आणि बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन हे या गटातले. यांचे परिणाम असे :

- मुलांत : बाहेरून हार्मोन येत असल्याने शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. वृषणे आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, स्तनांची वाढ होऊ शकते.
- मुलींत : पाळी अनियमित होते, अंगावर केस वाढतात, आवाज घोगरा होतो. आवाजातला बदल कायमचा राहू शकतो.
- वाढीच्या वयात : हाडांची टोके वेळेआधी जुळतात आणि उंची तिथेच थांबते.
- सर्वांत : वाईट कोलेस्टेरॉल वाढते, चांगले घटते, रक्तदाब वाढतो, हृदयाचा स्नायू जाड होतो. तोंडाने घ्यायच्या गोळ्या यकृतावर विशेष भार टाकतात. चिडचिड आणि आक्रमकपणा वाढतो. औषध बंद केल्यावर खोल उदासी येऊ शकते.
- एकच सुई अनेकांनी वापरली, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोका.

घरच्यांना काही खुणा दिसू शकतात : थोड्या आठवड्यांत भरभर वाढलेले वजन आणि स्नायू, पाठीवर-खांद्यावर अचानक आलेली मुरुमे, विनाकारण भांडणे, खोलीत सापडलेल्या सुया किंवा लेबल फाडलेल्या बाटल्या. अशा वेळी आरडाओरडा केल्यास मुलगा लपवायला शिकतो. त्याला घेऊन डॉक्टरांकडे या. त्याने सांगितलेले आम्ही गुप्त ठेवतो, आणि काय घेतले हे कळले तर तपासण्या नेमक्या करता येतात.

लगेच रुग्णालयात न्या : छातीत दुखणे, खूप धडधड, चक्कर येऊन पडणे, धाप, झटका येणे, डोळे पिवळे होणे, इंजेक्शनच्या जागी गरम दुखरी सूज आणि ताप, किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे.

चाचणीच्या वेळी नेमके काय होते?

पहिल्यांदा चाचणी होते तेव्हा मुले घाबरतात. पद्धत आधी कळली तर भीती बरीच कमी होते.

1. अधिकारी खेळाडूला गाठून स्वतःचे ओळखपत्र दाखवतो आणि सूचना देऊन सही घेतो. चाचणी स्पर्धेत, शिबिरात किंवा घरीही होऊ शकते.
2. तिथून नमुना देईपर्यंत खेळाडूने अधिकाऱ्याच्या नजरेसमोर राहायचे असते. बक्षीस समारंभ किंवा दुखापतीवर उपचार असतील, तर अधिकाऱ्याला सांगून सोबतीने जाता येते. पाणी प्यायचे ते सीलबंद बाटलीतले.
3. खेळाडू स्वतः भांडे निवडतो. किमान 90 मिली लघवी लागते. कमी आली, तर ती सील करून ठेवतात आणि पुन्हा नमुना घेतात.
4. लघवी देताना समोर अधिकारी असतो. मुलीसाठी स्त्री, मुलासाठी पुरुष. हे अवघड वाटते, पण नमुना बदलला जाऊ नये म्हणून ते गरजेचे आहे.
5. खेळाडू स्वतः किट निवडून नमुना ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत ओततो आणि स्वतःच सील करतो. दोन्हींवरचे क्रमांक जुळवून पाहा.
6. लघवी फार पातळ असेल, तर पुन्हा नमुना द्यावा लागतो. म्हणून भराभर पाणी पिण्याने फायदा नाही, उलट ताटकळावे लागते.
7. अर्जात गेल्या सात दिवसांत घेतलेली सगळी औषधे, सप्लिमेंट, आयुर्वेदिक गोळ्या लिहा. पद्धतीत काही चुकले असे वाटले तर तेही तिथेच लिहा. आपली प्रत घेतल्याशिवाय निघू नका.

खेळाडू 18 वर्षांखालील असेल, तर सोबत एक मोठी व्यक्ती ठेवण्याचा हक्क आहे. तुम्ही लघवी देताना पाहत नाही. अधिकारी नीट वागतो आहे याकडे लक्ष ठेवता.

नमुना द्यायला नकार देणे किंवा पळून जाणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला चार वर्षांपर्यंत बंदी होऊ शकते. घाईत असाल, घाबरला असाल, तरी नमुना द्या आणि तक्रार अर्जात लिहा.

निवडक खेळाडूंना रोज एका तासाची वेळ आणि ठिकाण आधी कळवावे लागते. 12 महिन्यांत तीन वेळा माहिती चुकली किंवा ठरल्या वेळी सापडले नाहीत, तर शरीरात काहीही नसताना बंदी येऊ शकते. या यादीत नाव आले, तर घरातल्या एकाने ही माहिती भरण्याची आठवण ठेवावी.

आजारी पडल्यावर काय करायचे?

1. दवाखान्यात बसल्याबरोबर सांगा : "मी अमुक खेळ खेळतो, माझी डोप टेस्ट होऊ शकते." प्रत्येक डॉक्टरला बंदीची यादी पाठ नसते. तुम्ही सांगितले तर ते तपासून पर्याय देऊ शकतात.
2. औषधाच्या नावापेक्षा त्यातले घटक पाहा. एकाच नावापुढे ‘प्लस’, ‘डी’, ‘एलएस’ अशी अक्षरे लागली की आतले औषध बदलते.
3. मेडिकलवाल्याने "तेच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हटले, तर घटक पुन्हा जुळवा. जुळत नसेल तर घेऊ नका.
4. ‘नाडा’च्या ‘नो युअर मेडिसिन’ या ॲपवर औषध तपासा आणि निकालाचा स्क्रीनशॉट ठेवा.
5. चिठ्ठी, बिल आणि रिकामे पाकीट एका फाइलमध्ये ठेवा. पुढे खुलासा करावा लागला, तर हीच कागदपत्रे कामी येतात.
6. मित्राचे, मोठ्या भावाचे, आजीचे औषध घेऊ नका.

बंदी असलेले औषध लागतच असेल तर?

अशा वेळी उपचारासाठीची सूट मिळते. खेळाडू तिला टीयूई म्हणतात. डॉक्टरांनी निदान, तपासण्यांचे अहवाल, औषधाची मात्रा आणि कालावधी लिहून द्यायचा, आणि खेळाडूने तो अर्ज पाठवायचा. राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू ‘नाडा’कडे, आंतरराष्ट्रीय पातळीवरचे आपल्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे अर्ज करतात. स्पर्धेच्या किमान 30 दिवस आधी अर्ज करावा.

समिती मुख्यतः हे पाहते : आजार खरा आहे का, औषधाने कामगिरी नेहमीच्या निरोगी पातळीपलीकडे जाईल का, दुसरे चालणारे औषध उपलब्ध आहे का, आणि ही गरज आधीच्या उत्तेजक सेवनातून तर उद्भवली नाही ना.

अपघात, दम्याचा तीव्र झटका, साप चावणे, गंभीर ॲलर्जी अशा वेळी वाट पाहायची नाही. डॉक्टरांना योग्य वाटेल ते औषध घ्या. नंतर लगेच कागदपत्रे गोळा करून मागील तारखेची सूट मागता येते.

नमुना दोषी आला तर?

घरात हे पत्र आले की पहिले दोन दिवस कोणाला काही सुचत नाही. तेव्हा एवढे करा.

- पत्रातल्या मुदती वहीत लिहून ठेवा. उत्तर वेळेत द्यावेच लागते.
- ‘बी’ नमुना तपासून घेण्याचा आणि प्रयोगशाळेची कागदपत्रे मागण्याचा हक्क खेळाडूला आहे.
- घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी आणि बिले काढा. तुमच्या डॉक्टरांकडून नोंदींची प्रत घ्या. मागील तारखेची चिठ्ठी मात्र कोणाकडेही मागू नका. खोटा कागद हा वेगळा गुन्हा ठरतो.
- क्रीडा नियम जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्या. सुनावणीत बाजू मांडता येते आणि निर्णयावर अपीलही करता येते.

शिक्षा द्रव्यावर आणि चुकीच्या प्रमाणावर ठरते. स्टेरॉइडसारख्या द्रव्यांसाठी ती साधारण चार वर्षे, खोकल्याच्या सिरपसारख्या ‘निर्दिष्ट’ द्रव्यांसाठी दोन वर्षांपर्यंत असते. चूक कमी असल्याचे दाखवता आले, तर ती घटते. 16 वर्षांखालील मुलांसाठी नियम सौम्य आहेत. गांजासारखी नशा स्पर्धेबाहेर आणि खेळाशी संबंध नसताना केली असेल, तर बंदी तीन महिन्यांची असते आणि उपचार घेतल्यास ती एक महिन्यावर येऊ शकते.

आणखी एक गोष्ट पत्राइतकीच महत्त्वाची. गावात, तालमीत, नातेवाइकांत चर्चा सुरू होते आणि मूल एकटे पडते. झोप उडाली, जेवण सुटले, ते गप्प गप्प राहू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या. बंदी आज ना उद्या संपते, मुलाला त्यानंतरही पुढे जायचे असते.

शेवटी

आज घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडा. खोकल्याचे सिरप, दुखण्याच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या यांवरचे घटक वाचा. खेळाडूची औषधे वेगळ्या डब्यात ठेवा आणि त्यावर नाव लिहा. शंका असलेले औषध पुढच्या वेळी येताना सोबत आणा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. बंदीची यादी दरवर्षी बदलते, म्हणून प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला ती नव्याने पाहा. सुरू असलेले कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.